समुद्रास सप्रेम भेट

रिसोडच्या कासार गल्लीत दौलत इढोळे यांच्याविषयी चांगलं बोलणारा माणूस मला भेटला नाही. गेल्या उन्हाळ्यात ते वारले तेव्हा चार ओळींची बातमी द्यावी म्हणून मी गल्लीत चौकशी केली होती. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "काटा होता माणूस. पायातून निंगाला." त्यांच्या घराला घर लागून असलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "त्यात काय लिहिता? मेले म्हणून लिहा, बस झालं." ती बातमी मी दिली नाही. आमच्या पानावर त्या दिवशी जागा नव्हती, हे खरं आहे. जागा असती तरी दिली असती का, हे सांगता येत नाही. मलाही ते आवडत नव्हते.

इढोळे भांड्यांवर नावं टाकायचे. मोतीशेठ यांच्या भांड्यांच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने दगडी ओटा आहे. त्या ओट्यावर त्यांनी तीस-एक वर्षं काढली. लग्नात द्यायची घागर, परात, डबा, काहीही विकत घेतलं की गिऱ्हाईक दुकानातून थेट त्यांच्यापुढे यायचं. ते वर बघायचे नाहीत. "कोणाकडून?" एवढं विचारायचे. कोणाला द्यायचं आहे, हा त्यांचा दुसरा प्रश्न असायचा. मग भांडं गुडघ्यांत धरून विजेच्या सुईने आधी एक सरळ आडवी रेघ ओढायचे आणि त्या रेघेला अक्षरं टांगत जायचे. मोजमाप न करता सुरुवात करूनही नावाला भांड्यावर जागा कधी अपुरी पडली नाही. चष्म्याची एक दांडी तुटलेली होती, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला असे. गिऱ्हाइकाने आणलेला चहा ते घेत नसत. "चहा पाजला म्हणून अक्षर मोठं येत नाई," असं तोंडावर सांगत.

त्यांचा एक नियम होता. टाकलेलं नाव ते खोडत नसत.

या नियमाची गल्लीत सांगितली जाणारी गोष्ट एका घागरीची आहे. गावातल्या एका बऱ्या घरच्या गृहस्थाने भाचीच्या लग्नासाठी घरातली एक न वापरलेली घागर आणली. तिच्यावर त्याच्या सासुरवाडीचं नाव होतं. म्हणजे ती त्याला स्वतःच्या लग्नात आलेली होती. त्याने हळू आवाजात सांगितलं, "जुनं नाव घासून काढा अन् माझं टाका." इढोळ्यांनी घागर फिरवून पाहिली. "घासत नाई. खाली टाकून देतो," म्हणाले. त्या माणसाला वाटलं, खाली म्हणजे बुडाशी कुठेतरी. त्याने मान हलवली आणि तो बाजाराला निघून गेला. संध्याकाळी कागदात गुंडाळलेली घागर घेऊन तो लग्नाला गेला. मांडवात कागद सोडला तेव्हा वरच्या ओळीत सासऱ्याचं नाव होतं, त्याखाली जावयाचं, दोन्ही सारख्याच सुंदर अक्षरांत, आणि दोन्हींपुढे 'यांजकडून सप्रेम भेट'. तो माणूस दुसऱ्या दिवशी ओट्यावर भांडायला आला. इढोळे त्याला म्हणाले, "दोघायनं देल्ली ना? मंग दोघायचं नाव." यात त्यांना मजा वाटत होती असं बघणारे सांगतात. मला तसं वाटत नाही. ते कधी हसलेले मी पाहिले नाहीत.

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला. मुलीने हट्टाने एका यात्रा कंपनीच्या बसमध्ये त्यांना बसवून दिलं होतं. गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या तीर्थावर बस थांबली. बाकीच्यांनी स्नान केलं, शंख घेतले. इढोळे किनाऱ्यावर फिरत राहिले. तिथे वाळूच्या वर गुडघाभर प्लास्टिकच्या पन्न्या, बाटल्या आणि थर्माकोल येऊन पडलं होतं. त्या ढिगातून एका मासे विकणाऱ्या बाईने एक स्टीलचं ताट ओढून काढलं, पदराने पुसलं आणि टोपलीत ठेवलं. ताटावर तेलुगूत काहीतरी कोरलेलं होतं. बसच्या वाटाड्याने विचारून सांगितलं की ते वरच्या अंगाच्या एका गावातल्या घरचं आहे, पुरात वाहून आलं असेल, तिकडचा माणूस बाजाराला आला की ही बाई ते त्याच्या हातात देणार आहे.

हे त्यांनी परत आल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. घाईत असलेल्यालाही सांगितलं. आधी विचारायचे, "तुमच्या घरामांगचा नाला कुठं जाते?"

"नदीत."

"अन् नदी?"

"आता मले काय माईत, काका. तुमी नाव टाका ना."

मग सुई थांबायची. "पैनगंगा जाते वर्धेत. वर्धा जाते प्राणहितेत. प्राणहिता गोदावरीत. गोदावरी समुद्रात. मी पाहून आलो. तुमचं सारं सामान तिथी पोचलं हाय. भांड्यावर नाव रायते म्हणून थे घरी वापस येते. पन्नीवर नाव नाई, म्हणून थे समुद्रात जाते." हे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय सुई पुन्हा चालू होत नसे. काही बायका दुसऱ्या गल्लीतून भांडी घ्यायला लागल्या. मोतीशेठ यांनी एक-दोनदा त्यांना समजावलं. उपयोग झाला नाही.

त्यानंतरच्या वर्षी गल्लीतल्या गणेश मंडळाने 'समुद्र वाचवा' असा देखावा करायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष सचिन मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या डोक्यात निळं फ्लेक्स, थर्माकोलच्या लाटा आणि दोन डॉल्फिन होते. इढोळे स्वतःहून त्याच्या दुकानात गेले. "मासोळी मी करून देतो. फुकट," म्हणाले. तालुक्यात देखाव्यांची स्पर्धा असते आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी परीक्षक येतात. फुकट मिळतंय म्हणून सचिन हो म्हणाला. पुढे तो मला म्हणाला होता, "तीस वर्षांत ज्या माणसानं कोणाले चहा पाजला नाई, थो फुकट काहून देऊन राह्यला, हे मी इचारलं नाई. माही चूक."

दोन महिने इढोळे रोज सकाळी नाल्याच्या तोंडाशी जात होते. पोतं भरून आणत, घरामागे ओतत आणि एकेक वस्तू धुऊन वाळवत. बांबूचा आणि तारेचा सांगाडा त्यांनी एकट्याने बांधला. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मासा मांडवासमोर आला. बैलगाडीच्या साट्याएवढा होता. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, तेलाच्या कॅन, सलाइनच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्यांच्या जुड्या, पार्सलच्या पिशव्या, पंगतीतल्या थर्माकोलच्या पत्रावळी हे सगळं खवल्यांसारखं एकावर एक बसवलेलं होतं. लांबून तो चांदीचा वाटायचा. मासा कुशीवर पडलेला होता, तोंड उघडं, पोट आकाशाकडे. मेलेला होता.

पहिल्या दिवशी तक्रार झाली ती यावरून. आरतीला आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाप्पासमोर मासोळी? तेही मेलेली? उपासाच्या दिवसांत?"

"विष्णूचा पयला अवतार कोनता?" इढोळ्यांनी विचारलं.

"थो काय मेलेला होता काय?"

"तुमच्या नाल्यात घेतला असता तं मेलाच असता."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी जवळ जाऊन वाचलं. प्रत्येक कडक वस्तूवर सुईने कोरलेलं होतं. पन्न्यांच्या जुड्यांना पत्र्याची चकती बांधून त्यावर कोरलं होतं. आधी रेघ, रेघेला टांगलेली अक्षरं: 'समुद्रास सप्रेम भेट.' त्याखाली नाव. त्याखाली 'कासार गल्ली, रिसोड'.

नावं कुठून आली हे त्यांनी लपवलं नाही. पार्सलच्या पिशवीवर नाव-पत्ता चिकटवलेला असतो. औषधाच्या पाकिटात चिठ्ठी असते. वीजबिलात बांधून फेकलेल्या कचऱ्याला बिलावरचं नाव असतं. आणि ओट्यावर बसून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घराची पिशवी कुठल्या हाताने नाल्यात पडते हे पाहिलेलं होतं. "पुराव्याबिगर एकबी नाव नाई," असं ते म्हणत. गल्लीतल्या वकिलाचं नाव होतं, किराणावाल्याचं होतं, दोन माजी नगरसेवकांचं होतं. मोतीशेठ यांचं सगळ्यांत ठळक होतं. नव्या भांड्यांच्या खोक्यांतून निघणाऱ्या पन्न्यांचा अख्खा शेपटा त्यांच्या नावावर होता. माझं नाव होतं. बातमीदारीबरोबर मी अंकही वाटतो; वर्तमानपत्रांचे गठ्ठे माझ्या नावाने एसटीने येतात, त्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मी स्टँडमागे नाल्यात टाकायचो. कल्ल्यांच्या जागी त्या पट्ट्या होत्या.

मी बातमी केली. 'टाकाऊपासून टिकाऊ : गणेश मंडळाचा आगळा देखावा' असा मथळा दिला. नावांचा उल्लेख केला नाही. सकाळी नऊ वाजता इढोळे अंक हातात घेऊन माझ्या दारात आले.

"टिकाऊ मी केलं काय?"

मी म्हणालो, तशी म्हणायची पद्धत आहे.

"थे पयलेच टिकाऊ होतं, पेपरवाले. थेच तं भानगड हाय." त्यांनी अंक उंबऱ्यावर ठेवला. "नावं काहून नाई छापली?"

मी म्हणालो, बदनामीचा प्रश्न येतो.

"तुमचं होतं म्हणून नाई छापली," ते म्हणाले आणि गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यामुळे मी त्यांच्यावर आणखी चिडलो.

पाचव्या दिवसापर्यंत मंडळाला वर्गणी देणाऱ्या अर्ध्या लोकांनी आरतीला येणं थांबवलं होतं. सचिनने हात जोडून सांगितलं, मासा राहू द्या, नावं तेवढी काढा. परीक्षकांसमोर हे चालणार नाही. इढोळे म्हणाले, "मी नाव खोडत नाई." एखाद्या रात्री कोणी मासा पेटवून देईल असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. मग मोतीशेठ स्वतः ओट्यावर आले. तिथे मी हजर होतो.

"दौलतभाऊ, तीस वर्षं तुम्ही इथं बसले. मी भाडं मागतलं?"

"नाई."

"मंग माह्यं नाव माशाच्या शेपटाले? सोयरे आले होते काल आकोल्याहून. त्यायनं वाचलं."

"पन्न्या तुमच्या हायत काय नाईत?"

"हायत. साऱ्या गावाच्या हायत. फिर मेराच नाम इतना बडा क्यों?"

"माल जास्त हाय तुमचा."

मोतीशेठ दुकानाकडे वळले. मग शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळच्या आरतीपर्यंत नावं निघाली पाह्यजे. नाई निघाली तं मशीन उचलजा अन् दुसरा ओटा पाहा. लग्नसराईत माह्या दुकानासमोर तुमी नसान."

दुसरा ओटा नव्हता. गावात भांड्यांची दुकानं मोजकी आहेत आणि प्रत्येकाचा नाव टाकणारा ठरलेला आहे. इढोळ्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. ते दिवसभर ओट्यावर बसून राहिले. एकही भांडं आलं नाही. संध्याकाळी त्यांनी मशीन पुसून पिशवीत ठेवलं. मासा तसाच राहिला.

सकाळच्या आरतीला गर्दी झाली, भक्तीपेक्षा तमाशासाठी जास्त. आरती संपली आणि कोणी हलेना. त्या गर्दीतून गोरेबाई पुढे आल्या. सुलोचना गोरे या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. एकट्या राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी चष्मा लावला, माशाभोवती एक फेरी मारली आणि डोळ्याच्या मागे बसवलेल्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यासमोर थांबल्या. डब्यावर तैलरंगात 'सौ. गोरे' लिहिलेलं होतं. गिरणीत दळण टाकताना डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्याकडे असं नाव घालतात. त्याखाली इढोळ्यांची सुई चाललेली होती.

"इढोळे, हा डबा मी टाकला?"

"तुमचंच नाव हाय, बाई. तुमीच रंगवलं."

"नाव माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी गिरणीवरून चोरीला गेला. ज्वारीसकट. मी आठ दिवस गिरणीवाल्याला विचारत होते." त्या वळल्या. "गिरणीवाला इथंच आहे. विचारा त्याला."

गर्दीतल्या गिरणीवाल्याने मान हलवली. "खरं हाय. बाईचा डबा गेला होता."

इढोळ्यांनी डब्याकडे पाहिलं. वाकून तैलरंगातल्या नावावरून बोट फिरवलं.  भांड्यावर नाव असलं की ते घरी परत येतं, हे ते एक वर्षभर सगळ्या गावाला ऐकवत होते.

"माझ्या डब्यावर नाव होतं," गोरेबाई म्हणाल्या. "तरी नाल्यात गेला. आणि टाकणाऱ्याचं नाव तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही."

एवढं बोलून त्यांनी तार पिरगाळून डबा सोडवला. सचिन म्हणाला, "मॅडम, देखाव्यातला हाय तो." त्या म्हणाल्या, "नाव माझं आहे ना? मग माझा आहे." डबा काखेत धरून त्या घरी गेल्या.

मग मोतीशेठ पुढे झाले. त्यांनी शेपटा उपटायला सुरुवात केली. त्यांच्या मागून किराणावाला आला. वकिलाने आधी इकडेतिकडे पाहिलं. अर्ध्या तासात गल्ली माशावर तुटून पडली. आपली बाटली, आपली कॅन, आपली चकती शोधून प्रत्येक जण घेऊन जात होता. कोणी दुसऱ्याची चुकून उचलली तर वाचून परत टाकत होता. "हे तुहं हाय, धर." "माह्यं नाई, थे माह्या भावाचं." मी माझ्या पट्ट्या काढल्या आणि सायकलच्या कॅरिअरला लावल्या. इढोळे मांडवाच्या खांबाशी उभे होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

सगळं गेल्यावर बांबूच्या आत, पोटाच्या जागी, आणखी वस्तू दिसल्या. एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचे जार, औषधाच्या पुष्कळशा बाटल्या, चष्म्याचं घर. सगळ्यांवर तीच ओळ होती आणि खाली 'दौलत इढोळे'. या वस्तू आधी कोणाला दिसल्या नव्हत्या. ते सांगाडा ओढत घरी घेऊन गेले. मंडळाने घाईघाईने निळं फ्लेक्स लावलं. बक्षीस मिळालं नाही.

नोंद म्हणून हेही सांगायला हवं. दोन दिवसांनी मी नाल्यावर गेलो होतो. माशावरच्या काही बाटल्या पुन्हा नाल्यात आल्या होत्या. त्यांच्यावरची नावं घासून काढलेली होती.

ओटा गेला तो गेलाच. मोतीशेठ यांनी दुकानात संगणकावर चालणारं मशीन आणलं. ते झटपट नाव टाकतं आणि सगळी अक्षरं सारखी येतात. इढोळे काही दिवस बसस्टँडबाहेर पोतं टाकून बसले. तिथे वीज नव्हती. नंतर दिसेनासे झाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यात, सकाळी, गोरेबाईंच्या दारात. पाणीपुरवठ्याच्या बातमीसाठी त्या बाजूला गेलो होतो. ते बाहेरच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांत पांढरा डबा. बाईंनी खिडकीतून वायर बाहेर सोडलेली होती. दार अर्धं लोटलेलं होतं आणि त्या आत उभ्या होत्या. बाईंनी इढोळ्यांना घरात घेतलं नव्हतं.

इढोळ्यांनी आधीच्या मजकुराखाली एक रेघ ओढली आणि अक्षरं टांगायला घेतली. मी रस्त्यावरून वाचलं: 'हा डबा बाईंनी टाकलेला नाही. चूक माझी. दौलत इढोळे.'

त्यांनी डबा दाराशी सरकवला. गोरेबाईंनी उचलून वाचला.

"वरचं 'समुद्रास सप्रेम भेट' तसंच ठेवलं?"

"मी खोडत नाई, बाई."

"माहीत आहे." त्यांनी डबा आत ठेवला. ते म्हणाले, "दळण असन तं गिरणीवर नेऊन देतो."

"नको. मागच्या वेळीही कोणीतरी नेलाच होता," बाई म्हणाल्या. "झालं असेल तर वायर ओढते."

वायर खिडकीतून आत गेली. दार लागलं. इढोळ्यांनी मशीन पिशवीत ठेवलं. मग ते पायरीवर वाकले आणि सुईने निघालेला प्लास्टिकचा पांढरा कीस बोटांनी एका जागी गोळा करू लागले. वाऱ्याने त्यातला थोडा रस्त्यावर उडाला. तो त्यांनी उठून, पुन्हा वाकून वेचला, तळहातावर घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.